गंगाक्काच्या गच्चीसमोरचं घर

आम्ही आमचं गाव, चिंताकी, सोडलं त्या दिवशी टेम्पोत सामान कमी आणि सल्ले जास्त भरले होते. लोखंडी पलंग, शिलाई मशीन, जोंधळ्याची पोती, लग्नातलं कपाट, एवढंच काय ते सामान. माझ्या नवऱ्याला, धनराजला, बिदरमध्ये वायर-बल्बच्या एका मोठ्या दुकानात काम मिळालं होतं आणि मला तिथल्या एका मराठी शाळेत. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, पदरानं डोळे पुसत होत्या. धाकटी जाऊ सुमन मात्र हसत होती, कारण चुलीपुढची माझी जागा आता तिला मिळणार होती. सासऱ्यांना अख्खं गाव अप्पा म्हणायचं, म्हणून मीही अप्पाच म्हणायची. ते टेम्पोची दोरी आवळत होते. ड्रायव्हरनं मारलेली गाठ त्यांना पसंत पडली नाही. ती सोडून त्यांनी स्वतःची मारली, ओढून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाड्यानं ऱ्हावं लागंल, ऱ्हावा. पर मान खाली घालून ऱ्हाऊ नका."

बिदरला पोचल्यावर ती गाठ कुणालाच सुटेना. शेवटी दोरी कापावी लागली.

हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे. चिंताकीत राहिलेल्यांसाठी, आणि आमच्यासारखेच बाहेर पडून हैदराबादला, पुण्याला भाड्याच्या खोल्या बदलत फिरणाऱ्यांसाठीही. कारण घरी आलात की तुम्ही सगळे एकच विचारता. कामून घेतलीस गं ही जागा? दार दक्षिणेला, स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा, आणि बाल्कनीत उभं राहिलं की समोर भिंत. मी दरवेळी सांगते, वारा छान येतो. तुम्ही बोट ओलं करून वारा शोधता, तो सापडत नाही, आणि माझ्याकडे बघत चहा पिता.

आज खरं सांगते. वाऱ्याबिऱ्याचा काही संबंध नाही. मला एका बाईचं उट्टं काढायचं होतं, आणि ते काढायला या घराइतकी सोयीची जागा अख्ख्या बिदरात दुसरी नव्हती.

ती बाई म्हणजे गंगाक्का, बिदरातल्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घराची मालकीण. खाली ती, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. नवरा सरकारी खात्यातून रिटायर होऊन वारलेला, दोन्ही मुलं हैदराबादला. कन्नड आणि मराठी दोन्ही भाषा तिला सारख्याच यायच्या आणि दोन्हींत ती हुकूमच सोडायची. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हा पहिला हुकूम. आपल्याकडे भिंत म्हणजे खुंट्या, फळ्या, कोनाडे. कासरा टांगा, पिशवी टांगा, देवाचा फोटो टांगा. इथे लग्नातला आमचा फोटो पाच वर्षं कपाटावर भिंतीला टेकून उभा होता, शिक्षा केलेल्या पोरासारखा. गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण गच्ची भाड्यात धरलेली नव्हती. तिथे तिच्या कुरडया, तिच्या मिरच्या, तिची लुगडी. आमचे ओले कपडे खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत बांधलेल्या दोरीवर, पंख्याखाली.

आणि तिला पुसायचं वेड होतं. फाटक पुसायची, नळाची तोटी पुसायची, जिन्याचा कठडा पुसायची. जिन्याला तिनं नवा काळा ग्रॅनाईट बसवून घेतला, तेव्हापासून तर पदर खोचून दिवसभर तिथेच. आम्ही कामाला निघालो की मागून आमच्या पावलांवरून फडकं फिरायचं. तिच्या लेखी आम्ही म्हणजे भाडं देणारी घाण होतो.

तरी राहिलो. नवं घर शोधायचं म्हणजे पुन्हा टेम्पो, पुन्हा तेच प्रश्न, कोण, कुठले, पाहुणे किती येतात. ज्यांनी भाड्याची घरं बदलली आहेत त्यांना हे सांगायला नको.

मग श्रेया झाली ते वर्ष आलं. थंडीचे दिवस होते, डॉक्टरांनी मला प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं, आणि येळअमावस्या तोंडावर आली. पुण्यातल्या शेजाऱ्यांना हा सण समजावताना तुमच्या तोंडाला फेस येतो हे मला माहीत आहे. अमावस्येला सण? शेतात जाऊन जेवण? त्यांना काय कळणार. त्या दिवशी आपल्याकडे औराद काय, बिदर काय, बाजार ओस पडतात. ज्याला शेत आहे तो ज्याला नाही त्याला हाताला धरून नेतो. कडब्याची कोप, कोपीत चुना लावलेले पाच पांडव, पंगतीत भज्जी, बाजरीचे उंडे आणि गाडग्यातली लसूण घातलेली आंबट आंबील. ओळखीचा असो नसो, त्या दिवशी कुणी उपाशी परत जात नाही.

मला शेतात जाता येत नव्हतं, म्हणून अप्पा आंबील घेऊन माझ्याकडे निघाले. सकाळी पूजा उरकली, भरलेलं गाडगं घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि बसनं बिदर गाठलं. फाटकातून आत आले ते मी वरून बघितलं. श्रेया माझ्या खांद्यावर होती. डोक्याला पांढराशुभ्र पटका, दोन्ही हातांत गाडगं, चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखा आनंद. बसमध्ये हिंदकळून गाडग्याच्या कडेवर आंबील आली होती. जिना चढताना तिचे थेंब पायऱ्यांवर पडत होते.

"काका, थांबा. काय सांडायलंय ते?" खालून गंगाक्काचा आवाज आला.

"आंबील हाय अक्का. सून बाळंतीण हाय, शेतात येता आलं न्हाई. तुमीबी घ्या की घोटभर."

"ते कळलं. पर ग्रॅनाईटवर डाग पडतोय. अगोदर पुसा, मग वर जावा."

"बरं, फडकं द्या."

"माजं फडकं आंबट करता का?"

ती ओरडली नाही. तिचा आवाज कधीच चढायचा नाही. मी वरून म्हणाले, "अप्पा, ऱ्हाऊ द्या, वर या," पण तोवर त्यांनी गाडगं कडेला ठेवून डोक्यावरचा पटका सोडला होता. जो पटका पंचांपुढे, पाहुण्यांपुढे, इतकंच काय तापानं फणफणत असतानाही त्यांनी कधी उतरवला नव्हता, त्यानं ते एकेक पायरी पुसत वर आले. गंगाक्का खाली उभी राहून बघत होती. "त्या कोपऱ्यात पण हाय," म्हणाली. त्यांनी तो कोपराही पुसला.

वर येऊन अप्पा हसले. बोडकं डोकं, पटक्याचा ओला बोळा काखेत. "पोरीचं घर हाय. पुसलं तर काय झालं?" म्हणाले. श्रेयाच्या हातावर बोट ठेवलं. मी ताट वाढायला घेतलं तर "बस हाय," म्हणाले आणि भिंतीच्या कडेकडेनं उतरून गेले. येळअमावस्येला ते माझ्या दारातून उपाशी गेले. त्या जिन्यावर अप्पा पुन्हा कधी चढले नाहीत.

रात्री धनराज म्हणाला, "जाऊ दे. ती तसलीच हाय." बाप त्याचा, पण राग माझ्याकडे राहिला. तो मी जपला. सुमन लोणचं जपते तसा, वरचेवर झाकण उघडून बघत.

गंगाक्काच्या घरामागे एक मोकळी जागा होती. श्रेया चालायला लागली तेव्हा तिथे पत्र्याचं कुंपण पडलं, खड्डे निघाले आणि एक रंगीत बोर्ड लागला. बोर्डावरच्या इमारतीपुढे अशी हिरवळ दाखवली होती, जशी बिदरच्या लाल मातीनं कधी बघितली नाही. मी शाळेतून येताना एकटीच आत शिरले. पत्र्याच्या शेडमध्ये बिल्डरचा मॅनेजर बसलेला. मोठ्या आदरानं त्यानं पूर्वेच्या दाराचे फ्लॅट दाखवले, म्हणजे नकाशावर दाखवले. सकाळचं ऊन येणार, लांब किल्ल्याचा तट दिसणार.

"आणि मागच्या बाजूचे?" मी विचारलं.

"मॅडम, ते कुणी घेत न्हाईत. दार दक्षिणेला येतंय."

"तेच दाखवा."

दोन स्लॅब पडले होते. वाळू-सिमेंटच्या गोण्यांमधून मी वर गेले आणि मागच्या कडेला जाऊन उभी राहिले. खाली, अगदी पायाखाली, गंगाक्काची गच्ची. कुरडया वाळत होत्या. इथून नुसतं थुंकलं तरी कुरडयांवर पडलं असतं. मला त्याच्याही वरचा मजला हवा होता. दुसऱ्याच दिवशी टोकन देऊन मी तिसरा मजला बुक केला, आणि धनराजला नंतर सांगितलं.

त्यानं डोक्याला हात लावला. चिंताकीहून फोनांवर फोन आले. आपल्या माणसांना जमीन लागते, प्लॉट लागतो, एक का होईना लिंबाचं झाड लावायला माती लागते. सुमन म्हणाली, "जमीन न्हाई, आभाळ न्हाई, मधीच लटकायलीस की गं." सगळ्यांना मी वाऱ्याचं कारण दिलं. सगळ्यांनी ते ऐकून घेतलं, कारण शिकलेली सून काहीतरी विचार करूनच बोलत असेल असा चिंताकीत अजून समज आहे.

पुढचा काळ ओढाताणीचा गेला. भाडं चालूच, बँकेचा हप्ताही चालू. पझेशन पाडव्याला होतं ते दसऱ्यावर गेलं, दसऱ्याचं पुन्हा पाडव्यावर. धनराज म्हणायचा, दुसरीकडे स्वस्तात खोली बघू. मी हललेच नाही. मला तिच्याच घरातून निघून तिच्याच डोक्यावर जायचं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी माझं घर वाढताना बघायची. पोळी तव्यावर टाकायची आणि एक नजर तिकडे. आज विटा चढल्या, आज खिडकीचं भोक पडलं. गंगाक्काला यातलं काही सांगितलं नव्हतं. बांधकामाची धूळ तिच्या गच्चीवर, जिन्यावर, कठड्यावर बसायची आणि ती पुसून पुसून बेजार व्हायची.

"कोण घेतंय की गं असल्यात घरं?" ती मला विचारायची. "कबुतरं ऱ्हातेत असल्या खुराड्यात."

"व्हय अक्का," मी म्हणायची. त्या काळात मी जितक्या गोड आवाजात व्हय अक्का म्हणाले, तितकं गोड माहेरीही कधी बोलले नसेन.

अप्पा एकदा बघायला आले. गंगाक्काच्या फाटकाशी न येता मागच्या रस्त्यानं थेट साइटवर गेले आणि मला तिकडेच बोलावलं. खोल्या किती, दार कुठल्या दिशेला, काही विचारलं नाही. मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जिना कुठून हाय?" मी दाखवला. कच्चा होता, वाळूनं भरलेला. अप्पा चढून गेले, उतरून आले, धोतर झटकलं. "रुंद हाय," म्हणाले. दारं-खिडक्या बसायच्या आतच ते वारले. दिवस झाल्यावर आत्यांनी त्यांचा पटका माझ्या हातात दिला. जिन्यावरची ती गोष्ट अप्पांनी त्यांना सांगितली होती की नाही, हे मी विचारलं नाही. पटका धुवून धुवून स्वच्छ होता.

पझेशन मिळालं तेव्हा लिफ्ट बसायची होती आणि पाण्याच्या टाकीवर झाकण नव्हतं, पण मी एक दिवसही थांबले नाही. किल्ली परत द्यायला गेले तर गंगाक्का सगळ्या भिंतींवरून हात फिरवत फिरली. खिळ्याचं एकही भोक सापडेना, त्याचंच तिला वाईट वाटलं असावं.

"कुठं घेतलं घर?" तिनं विचारलं.

मी नुसतं बोट वर केलं. तिनं खिडकीतून बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. "त्यात?" एवढंच म्हणाली. पाच वर्षांच्या भाड्याचे पैसे मला त्या एका शब्दात वसूल झाले.

पण ते तोंडी लावण्यापुरतं होतं. खरं जेवण अजून बाकी होतं. मुहूर्तावर दूध उतू घालून आम्ही राहायला गेलो, आणि घरभरणीची पंगत मात्र मी येळअमावस्येला ठेवली. तुम्ही सकाळी शेतात पूजा करून दुपारी जीप भरून आलात, आठवतंय ना? लिफ्ट नव्हती म्हणून सगळे धापा टाकत होता. गाडगं सुमनच्या नवऱ्यानं आणलं होतं आणि मी त्याला बजावलं होतं, काठोकाठ भर. जिन्यात सांडत आला. कुणीतरी फडकं मागितलं तर मी दिलं नाही. तुम्हाला वाटलं, घाईत ऐकू आलं नसेल.

गंगाक्काला मी स्वतः जाऊन बोलावलं होतं. ती येईल की नाही अशी धाकधूक होती, पण आली. गुडघे धरत, कठड्याला लोंबकळत तिन्ही मजले चढून आली. दारातून आत शिरल्यावर पहिली दिसेल अशा भिंतीवर मी खिळा ठोकून अप्पांचा पटका लावला होता. तिच्यापुढे काय बोलायचं ते मी इतकी वर्षं घोकलं होतं. वर्गात कविता पाठ करून घेतल्यासारखं तोंडपाठ होतं.

तिला चटईवर बसवलं. पेला काठोकाठ भरून आंबील दिली. तिनं भिंतीकडे बघितलं.

"पटका छान हाय. कुणाचा गं?"

"अप्पांचा."

"कोण अप्पा?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "माझे सासरे. येळअमावस्येला आंबील घेऊन आलते. तुमच्या जिन्यावर."

तिनं खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे बारीक केले. "आलते का? आसतील. लई माणसं येत-जात होती की गं माज्या जिन्यावर." आणि डोळे मिटून तिनं आंबिलीचा घोट घेतला. "लसूण बरोबर पडलाय. पोरांनी शेत इकलं, तवापासून मला कुणी शेतात बोलवलंच न्हाई बग."

एखादी भली बाई इथे विरघळली असती. मी विरघळले नाही. उलट जिन्यावर आला होता त्यापेक्षा जास्त राग मला त्या क्षणी आला. एका म्हाताऱ्या माणसाचा पटका हिनं पायपुसणं केला आणि तिच्या डोक्यात त्याला ठेवायला एवढीशी जागा नव्हती. माझं सगळं भाषण फुकट. ज्याला गुन्हाच आठवत नाही त्याला शिक्षा कसली सुनावणार?

तेवढ्यात तिचा पेला हिंदकळला. म्हातारपण, तीन मजल्यांची चढण आणि काठोकाठ पेला. आंबील तिच्या बोटांवरून माझ्या नव्या पांढऱ्या फरशीवर सांडली. तिनं ती बघितली मात्र, पेला खाली ठेवला, पदर खोचला आणि गुडघ्यांवर वाकून त्याच पदरानं पुसायला लागली. सवयीनं पुसत होती. शरमेचा त्यात काही भाग असेल असं मला वाटत नाही.

"ऱ्हाऊ द्या की अक्का, पोरी पुसतेल," आत्या घाबरून म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

"आत्या, बसा. पुसू द्या," मी म्हणाले. मग मी गंगाक्काकडे बघून शांतपणे म्हणाले, "त्या कोपऱ्यात पण हाय, अक्का."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग सरकत सरकत जाऊन तो कोपराही पुसला. तिला काही आठवलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. धनराज उठून बाल्कनीत गेला. सुमन नंतर मला म्हणाली, "म्हाताऱ्या बाईला असं करू नये." आता तुला कारण कळलं, सुमन. आता पुन्हा म्हणून दाखव.

त्यानंतर वर्षभरात तिच्या मुलांनी ते घर बिल्डरला विकलं आणि तिला हैदराबादला नेलं. कुठल्याशा उंच इमारतीत ठेवलं आहे म्हणे. जेसीबी आला तेव्हा मी शाळेला सुट्टी टाकली आणि बाल्कनीत खुर्ची घेऊन बसले. ग्रॅनाईटच्या पायऱ्या निघायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मग त्या जागी नवी इमारत उभी राहिली. तिचे स्लॅब एकेक करत माझ्या बाल्कनीपर्यंत आले, ओलांडून वर गेले, आणि माझ्या वाट्याला ही भिंत आली. जी गच्ची बघायला हे घर घेतलं ती गच्चीच नाही. बँकेचे हप्ते मात्र श्रेयाच्या लग्नापर्यंत चालतील. धनराज अजून कधीतरी पोळी खाताना दिव्याकडे बघून म्हणतो, "पूर्वेचं घेतलं असतं तर." मी म्हणते, वारा छान येतो.

तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं, चिंताकीचं की हे? चिंताकीत चुलीपुढची जागा सुमननं केव्हाच धरली, आणि दोरीला तशी गाठ मारणारं तिथे कुणी उरलं नाही. इथे अंधार आहे, माती नाही, लिंब नाही. पण त्या अंधारात खिळा आहे, खिळ्याला पटका आहे, आणि तो कुणाचा हे न विसरणारी मी आहे. माझ्यापुरतं घर एवढंच. पश्चात्ताप वगैरे मला झालेला नाही, होईल असं दिसतही नाही.

यंदाच्या येळअमावस्येला सगळे या. हैदराबादचे, पुण्याचे, सगळे. लिफ्ट आता चालू झाली आहे. तरी जिन्यानंच या, आणि गाडगं काठोकाठ भरून आणा.